तीन मीटर, तीन आकडे! हवा भरायचं चक आणि गेज कुठलं घ्यावं?

उदगीरकर

नमस्कार मंडळी. घरी एक छोटी कार, वडिलांचा ट्रॅक्टर, ट्रॉली आणि बायकोची स्कूटी आहे. गोठ्याशेजारी १ एचपीचा जुना कॉम्प्रेसर पडून होता, तो दुरुस्त करून घेतलाय. आता हवा घरीच भरायची असं ठरवलंय. पण तीन गोष्टींनी डोकं फिरलंय.

पहिली. रविवारी दुपारी लातूरहून आलो. गावाच्या अलीकडच्या पंपावर ऑटोमॅटिक मशीनला ३३ पाउंड (पीएसआय) लावलं, चारही चाकं भरली, मशीनने शिट्टी दिली आणि निघालो. सोमवारी सकाळी सहाला घरचा १२ व्होल्टचा इन्फ्लेटर लावून बघितला तर चारही चाकांत २८-२९. अकरा वाजता पंक्चरच्या दुकानात पेनासारख्या गेजनं मोजलं, तिथं ३१. आता खरं कुणाचं? पंपाचं मशीन फसवं आहे का?

दुसरी. ऑनलाइन एक चक मागवलं, म्हणजे नळीच्या टोकाला लावून व्हॉल्व्हवर बसवायचं तोंड. चांगलं पितळी आहे, खटका दाबला की व्हॉल्व्हला धरून बसतं. पण कॉम्प्रेसरच्या नळीला लावून कॉक उघडला की चाकाला लावायच्या आधीच सगळी हवा धो-धो बाहेर. खराब आलंय का?

तिसरी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतात चालताना १२ पाउंड ठेवा असं टायरवाला म्हणाला. कॉम्प्रेसरसोबत आलेल्या मीटरवर ० ते २२० आहे आणि दोन रेघांमध्ये ५ पाउंडांचं अंतर. त्यावर १२ कसे बघायचे?

जुना_फिटर_वाळूज

मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, सगळी नोकरी गेज तपासण्यातच केली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. तिघंही खरं बोलतायत.

तुम्ही सव्वा तास गाडी चालवून, एप्रिलच्या दुपारी, तापलेल्या टायरमध्ये ३३ भरली. कंपनी जो आकडा देते तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललीय. आता हिशेब करा. मीटर जे दाखवतं ते वातावरणाच्या वर किती, एवढंच. त्यामुळे आधी वातावरणाचा दाब मिळवावा लागतो. आपल्या पठारावर तो साधारण १४ पाउंड धरा. ३३ आणि १४ मिळून ४७. टायरमधली हवा दुपारी ५७ अंश सेल्सिअसवर असेल आणि सकाळी २७ वर, तर केल्विनमध्ये, म्हणजे २७३ मिळवून, ते ३३० आणि ३०० होतात. ४७ ला ३०० ने गुणून ३३० ने भागा. ४२.७ येतात. त्यातून १४ वजा केले की २८.७. तुमच्या इन्फ्लेटरनं २८-२९ दाखवले, म्हणजे पंपाचं मशीनही बरोबर आणि इन्फ्लेटरही बरोबर. अकराच्या सुमाराला ऊन चढलं, तुम्ही थोडी गाडी चालवून दुकानात गेलात, तेव्हा ३० यायला हवे होते. पेन गेजनं ३१ दाखवले. तेवढा फरक त्या जातीच्या गेजमध्ये असतोच.

ठोकताळा लक्षात ठेवा: कारच्या टायरमध्ये दर ६ ते ७ अंशाला एक पाउंड वरखाली.

म्हणून सकाळी उठल्यावर, ऊन टायरवर पडायच्या आत ३३ करा. एक बाजू सावलीत आणि एक उन्हात असेल तर त्या दोन बाजूंतही फरक दिसतो, तेवढ्यावरून पंक्चर समजू नका. आकडा कुठला धरायचा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. ही चूक मी शिकलेल्या माणसांना करताना पाहिलंय.

वाटेत भरायचीच वेळ आली तर साधारण ४ जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नीट करा. तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा कधीही सोडू नका.

चकचं उत्तर टायरवाल्यांपैकी कुणी देईल, त्यांचा हात रोजचा आहे.

हायवे३६१_टायरवाला

उदगीरकर दादा, तुमचं चक चांगलंय, फक्त ते उघड्या जातीचं आलंय. सांगतो.

चक दोन जातीचे. बंद चकच्या पोटात स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. नळीत हवा कितीबी असू द्या, चाकाच्या व्हॉल्व्हमधल्या पिनवर दाबल्याबिगर हवा सुटत नाही. टाकीच्या कॉम्प्रेसरला थेट लावायला हेच पाहिजे. उघड्या चकमध्ये आतून आरपार वाट असते. ते कुठं लावायचं? जिथं हवा अडवायला दुसरं काहीतरी आधीच आहे तिथं. पायाचा पंप, १२ व्होल्टचा इन्फ्लेटर, नाहीतर घोडा (दाबायचा खटका) असलेली हवेची गन. तुमचं चक फेकू नका. गन घ्या, घोडावाली, मीटर लावलेली, आन तिच्या तोंडाला हे बसवा. मग लई भारी काम करतंय. उलट गनला बंद चक बसवलं तर काही ठिकाणी मीटर नीट वाचत नाही, कारण चाकातली हवा माघारी मीटरपर्यंत यायला वाट पाहिजे ना.

आन मीटरचं एक सांगतो. घोडा दाबलेला असताना काटा बघू नका. तवा तो नळीतली हवा दाखवायलाय, चाकातली नाही. माझ्या दुकानात लोक काट्याकडं बोट दाखवून "बास बास, चाळीस झाली" म्हणत्यात. घोडा सोडला की काटा पंचविसावर येऊन बसतो. भरा, सोडा, एक श्वास थांबा, मग वाचा.

घेताना रबर बघा. चकच्या तोंडात आत एक वायसर असतं, व्हॉल्व्हच्या कडेवर ते बसतं. ते कडक पडलं, चिरलं की फुस्स करत बाजूनं हवा जाते, आन लोक म्हणत्यात व्हॉल्व्ह गेला. चक पितळेचं, वायसर बदलता येणारं, आन सोबत दोन वायसर जादा द्या म्हणायचं. जस्ताच्या मिश्र धातूचं स्वस्तातलं चक हातात हलकं लागतं. त्याचे आटे दोन महिन्यांत गोल होतात. खटक्याचं घ्यायचं असेल तर खटका सोडताना व्हॉल्व्ह ओढू नका. अंगठ्यानं खटका पूर्ण दाबा, मग सरळ मागं घ्या. तिरकं ओढून ओढून ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह बुडाशी चिरतो. ती चीर बोटानं व्हॉल्व्ह वाकवला तरच दिसते.

धुळीचं पण बघा. आपल्याकडं काळ्या मातीचा फुफाटा व्हॉल्व्हच्या तोंडात बसतो. टोपी नसलेली चाकं तर विचारूच नका. चक लावायच्या आधी नळीतून एक फुंकर मारून घ्या. नाहीतर तोच खडा पिनसंगं आत जातो आन पिन अर्धी उघडी राहते. मग रातभर बारीक हवा निघायली. थुंकी लावली की बुडबुडा दिसतो.

जिंतूर_रोड

स्कूटीबद्दल मी लिहिते. मी शिक्षिका आहे, रोज तीस-पस्तीस किलोमीटर स्कूटीवर जाऊन-येऊन असते.

स्कूटीचं चाक लहान, आणि व्हॉल्व्ह ब्रेकच्या ड्रमजवळ अडचणीत असतो. सरळ तोंडाचं चक तिथं बसतच नाही. पंपावर पोरं काय करतात, व्हॉल्व्ह बाजूला वाकवून चक कोंबतात. माझ्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह असाच बुडातून गेला. शाळेत पोचायच्या अलीकडे, ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेत, गाडी बसली. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. टायर बदलताना ९० अंशात वळलेला व्हॉल्व्ह बसवून घेतला. आणि स्वतःचं लहान गोल गेज घेतलं, ० ते ६० चं, तोंडाला वीतभर रबरी नळी असलेलं. नळी असल्यामुळे अडचणीत हात घालता येतो आणि आकडा डोळ्यासमोर धरून वाचता येतो. त्याला एक बारीक बटण आहे, ते दाबलं की जास्तीची हवा थोडी थोडी सोडता येते. गेज व्हॉल्व्हवरून न काढता.

पुढच्या आणि मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो हे पंपावर कुणी विचारत नाही. "किती भरू मॅडम, तीस?" आणि दोन्हीकडे तीस. पुढच्या चाकात जास्त हवा झाली की पावसात खडी असलेल्या वळणावर गाडी कशी सरकते ते मी अनुभवलंय. पुस्तिकेत एकट्यासाठी आणि मागे माणूस बसल्यावर, असे दोन आकडे असतात. वहिनींच्या स्कूटीचे आकडे वहिनींनाच पाठ करायला सांगा, आणि गेज डिकीत ठेवा. पंपावर हवा फुकट द्यायची असते, त्यामुळे मागायला संकोच नको. पण मोजायचं आपल्या गेजनं. सुरुवातीला पोरं बघत राहायची. आता तीच म्हणतात, "मॅडम, तुमच्या मीटरवर बघा बरं किती झाली."

समृद्धी_प्रवासी

मी महिन्यातून दोनदा जालन्यावरून समृद्धीनं नागपूरला जातो. सगळे सांगतात की उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात म्हणून हवा पाच-सहा पाउंड कमी ठेवा. मी २७ ठेवतो. बरोबर आहे ना?

जुना_फिटर_वाळूज

नाही. कृपा करून आजच ३३ करा, किंवा तुमच्या पट्टीवर जो आकडा असेल तो. हे मी कळकळीनं सांगतोय.

हवा तापली की दाब वाढतो हे खरं. पण वर हिशेब केला तसा, ३० अंश वाढले तरी चार-साडेचार पाउंड वाढतात. चांगला टायर तेवढं सहज झेलतो, कंपनीनं ते धरूनच थंडचा आकडा दिलेला असतो. टायर मरतो तो वाकून. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत खाली दबते आणि पुन्हा सरळ होते. १२० च्या वेगानं एका मिनिटात ती हजारावर वेळा वाकते. लोखंडी तार हातानं मागे-पुढे वाकवून बघा, वाकल्या जागी चटका बसतो. रबराच्या आत तेच चाललेलं असतं. आतले थर सुटायला लागतात, आणि मग एकदम फुटतो. म्हणजे टायर तापू नये म्हणून तुम्ही जी हवा कमी करताय, तिच्यामुळेच तो जास्त तापतोय.

समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि थांबे लांब लांब आहेत. जालन्यात निघण्याआधी सकाळी, थंड टायरवर मोजायचं. टायर झिजलेला किंवा भिंतीला फुगा आलेला असेल तर कितीही बरोबर हवा त्याला वाचवत नाही.

नायट्रोजनचं विचारणार असाल तर, आपली साधी हवाच ७८ टक्के नायट्रोजन आहे. तापल्यावर दोन्ही सारख्याच वाढतात. नायट्रोजन कोरडा असतो एवढा फायदा. मोजणं त्यानं सुटत नाही.

समृद्धी_प्रवासी

काका, करतो. गेली दोन वर्षं मी इतरांनाही हेच सांगत होतो. त्यांनाही फोन करतो.

हायवे३६१_टायरवाला

फिटर काका बोलले ते सोळा आणे. फुटलेला टायर माझ्याकडं येतो तवा आत हात घालतो. आतून रबराचा चुरा झालेला असतो, काळ्या मिरीसारखा. तो कमी हवेवर पळाल्याचा पुरावा.

ह्याच्यावरनं ट्रकचं सांगतो, कारण इथं ट्रॉली-ट्रकवाले बी वाचत्यात. माझ्या उस्तादाच्या डाव्या हाताची तीन बोटं नाहीत. लॉक रिंगचं चाक होतं, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवायला वेगळी लोखंडी कडी असलेलं. ड्रायव्हरनं कमी हवेवर दहा-बारा कोस पळवलेलं. उस्तादानं तसंच खाली ठेवून, वर वाकून, हातात धरायचं चक लावून हवा मारली. रिंग बसलेली नव्हती. ती उडाली ती पत्र्याच्या छतातून वर गेली. डोकं थोडं अजून पुढं असतं तर उस्ताद राहिला नसता.

तवापासून आमच्या दुकानात नेम आहे. शंभर-एकशेदहा पाउंडाचं चाक असेल तर खटक्याचं चक लावायचं, नळी लांब घ्यायची, मधी कॉक आन मीटर, आन माणूस चाकाच्या समोर नाही, बाजूला दूर. चाक लोखंडी पिंजऱ्यात. हवा भरताना हात चाकावर ठेवायचा नाही, वाकून कान लावायचा नाही. आन जे चाक ठरल्या हवेच्या ८० टक्क्यांच्या खाली पळून आलंय, म्हणजे ११० च्या जागी ८८ च्या आत, ते वरून हवा मारून परत द्यायचं नाही. खोलायचं, आतून बघायचं, मगच. गिऱ्हाईक घाई करतंय, शिव्या देतंय, देऊ दे.

मागच्या जोडचाकांना दुहेरी तोंडाचं लांब चक लागतं. एक तोंड पुढं, दुसरं मागं वळलेलं. बाहेरच्या चाकाला पुढचं तोंड दाबायचं, आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह आपल्याकडं तोंड करून नसतो तवा मागं वळलेल्या तोंडानं आपल्या अंगाकडं ओढायचं. गेज बी तसंच दुहेरी मिळतं. लोक आतलं चाक मोजतच नाहीत, लोखंडी पान्यानं ठोकून आवाज ऐकत्यात. ठोकून बसलेलं चाक कळतं. ११० आन ८५ मधला फरक ठोकून कुणाच्या बापाला कळत नाही. आतलं कमी असलं की सगळा भार बाहेरच्यावर, आन मग बाहेरचा नवा टायर फुटला म्हणून कंपनीला दोष.

काळी_जमीन

ट्रॅक्टरचं मी सांगतो. मागच्या चाकात मी पाणी भरतो, नांगरटीला पकड येते. ज्यांनी भरलंय त्यांनी साधं गेज लावताना जपा. माझं चांगलं डायल गेज असंच गेलं. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला होता, गेज लावलं, आत पाण्याची चिळकांडी गेली. चार महिन्यांनी काटा १५ वर अडकला तो अडकलाच. आतून गंज.

आता मोजायचं तर आधी ट्रॅक्टर पुढे-मागे करून व्हॉल्व्ह वर आणतो, घड्याळात बारा वाजतात तिथं. पाणी चाकाच्या पाऊण भागापर्यंतच भरायचं असतं, म्हणजे व्हॉल्व्ह वर असताना त्याच्या तोंडाशी हवा राहते. दोन मिनिटं थांबायचं, व्हॉल्व्हमधलं पाणी निथळू द्यायचं. मग गेज. पाण्यासाठीचं वेगळं गेजही मिळतं, ते वापरून झालं की स्वच्छ पाण्यानं धुवून कोरडं करून ठेवायचं.

उदगीरकर, मागच्या चाकासाठी ० ते ३० चंच गेज घ्या. आणि ऊस, सोयाबीन वाहायला ट्रॉली लावून डांबरीवर जाणार असाल तर हवा वाढवावी लागते, शेतात पुन्हा कमी. टायर कंपनीच्या तक्त्यात भाराप्रमाणे आकडे असतात. आम्ही वर्षभर एकच हवा ठेवायचो. शेतात चाक घसरायचं, डिझेल जायचं, आणि रानात चाकोरी दगडासारखी दबायची.

जुना_फिटर_वाळूज

० ते ३० का, ते सांगायला हवं. गेजवर "२ टक्के" असं लिहिलेलं असतं, ते समोरच्या आकड्याच्या २ टक्के नसतात, मीटरच्या पूर्ण पट्टीच्या, म्हणजे शेवटच्या आकड्याच्या असतात. ० ते २२० च्या मीटरला ते ४.४ पाउंड झाले. ट्रकच्या ११० ला ही चूक चालून जाते. तुमच्या १२ ला? काटा १२ दाखवेल आणि आत ७.६ असेल, तरी मीटर "बरोबर" म्हणून पास होईल. ० ते ६० च्या मीटरला तीच चूक १.२, आणि ० ते ३० ला ०.६. म्हणून एका घरात दोन गेज लागतात, याला इलाज नाही. कार आणि स्कूटीला ० ते ६०, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला ० ते ३०. जो आकडा रोज मोजायचा तो पट्टीच्या मध्याजवळ यावा, कारण बहुतेक गेज मध्यावर सगळ्यात खरं बोलतं.

डायल गेजच्या आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली चपटी पितळी नळी असते. आत दाब गेला की ती जरा सरळ व्हायला बघते, आणि तेवढ्या हालचालीवर दातेरी चाकानं काटा फिरतो. फ्रान्सच्या बुर्दाँनं १८४९ मध्ये हिचं पेटंट घेतलं, अजून तीच वापरतोय आपण. ही नळी नाजूक. गेज फरशीवर पडलं की ती जरा कायमची वाकते आणि मग सगळे आकडे सरकतात. घेताना भोवती रबरी कवच असलेलं घ्या. आणि शून्यावर काटा अडवायला खिळा असेल तर सावध राहा. काटा शून्याच्या खाली घसरलेला असला तरी त्या खिळ्याला टेकून तो शून्यच दाखवतो. तुम्हाला चूक कळणार नाही. मोकळा काटा असलेलं गेज मला बरं वाटतं.

पेन गेज दप्तरात मावतं, बॅटरी लागत नाही. पण आतल्या दट्ट्याला धूळ लागली की अडकतं. लागोपाठ तीनदा मोजा, तिन्ही सारखे आले तर ठीक. डिजिटल वाचायला सोपं, फक्त उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

एककाचं भान ठेवा. डायलवर आतल्या बाजूला किलो असतात. १ किलो प्रति चौरस सेंमी म्हणजे १४.२ पाउंड, १ बार म्हणजे १४.५. त्यामुळे २.३ किलो आणि २.३ बार यांत फरक अर्ध्या-पाऊण पाउंडाचाच आहे, पण २.३ किलोला २३ पाउंड समजून ३३ च्या जागी २३ भरणारेही भेटलेत.

बालाघाट_टोळी

आमचे आई-वडील ऊसतोडीला जायचे, मीही पाच गाळप हंगाम टायरगाडीवर काढले. ह्या धाग्यात बैलगाडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टायरगाडीत दीड-दोन टन ऊस असतो. एका टायरमध्ये हवा कमी असली तर गाडी त्या अंगाला ओढते, आणि तो ताण एकाच बैलाच्या खांद्यावर येतो. खांदा सुजतो. मालकाला वाटतं बैल चुकार झाला. वडील रोज पहाटे कोपीतून निघताना दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे, अंगठ्याला काय कळणार? मी पहिल्या उचलीतून एक पेन गेज आणि हातपंप घेतला. पहिल्याच दिवशी डावं चाक उजव्यापेक्षा ९ पाउंड कमी निघालं. सारखी केल्यावर चार दिवसांत बैलाची मान सरळ झाली. टोळीतल्या बाकीच्या गाड्या मग माझ्याकडे रांगेनं यायच्या.

हातपंपाला आट्यांची नळी असते, फिरवून बसवायची. ती काढताना दोन-तीन फेरे हवा सुटते. म्हणून पंप काढून झाल्यावर गेज लावायचं, आधी नाही. फडात वीज नसते, कॉम्प्रेसर नसतो, तिथं हेच खरं.

जुना_फिटर_वाळूज

तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. नऊ पाउंड म्हणजे फार झाले.

उदगीरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गन घेतली, जुनं उघडं चक तिला बसवलं, हवा आता घोडा दाबल्याशिवाय सुटत नाही. ० ते ६० आणि ० ते ३० अशी दोन गेज घेतली. पण ही नवी गेज तरी खरी आहेत का, ते घरी कसं तपासायचं? कॅलिब्रेशनला वाळूजपर्यंत कोण जाणार.

जुना_फिटर_वाळूज

० ते ३० चं घरी तपासता येईल. तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेलच. पाण्याचा १० मीटर उभा स्तंभ म्हणजे १४.२ पाउंड. यात कुणी लबाडी करू शकत नाही.

टायरवाल्याकडून टाकाऊ ट्यूबलेस व्हॉल्व्ह आणा, पिन शाबूत असलेला. एक पारदर्शक नळी घ्या, चार-पाच मीटर लांब. तिच्या एका तोंडात व्हॉल्व्हचा रबरी बूड घालून क्लिप आवळा. दुसरं तोंड टाकीवरून थेट येणाऱ्या खालच्या नळाला घट्ट बसवा. नळी कोरडी असू द्या आणि व्हॉल्व्हचं तोंड वर धरा. नळ सावकाश उघडा. पाणी नळीत थोडं चढेल आणि अडकलेली हवा दाबून थांबेल, गेजपर्यंत पाणी येणार नाही. आता टाकीतल्या पाण्याची पातळी आणि नळीतल्या पाण्याची पातळी यातलं उभं अंतर टेपनं मोजा. मीटरमध्ये जे येईल त्याला १.४२ ने गुणा. तो तुमचा खरा आकडा. मोजताना घरात दुसरा नळ चालू नको. गेज लावताना थोडी हवा सुटते, पाणी थोडं वर चढतं, म्हणून गेज लावल्यावरची पातळी धरा.

० ते ६० वालं मग त्या तपासलेल्या गेजशी ताडून बघा, एकाच चाकावर, १५-२० पाउंडाला, एकामागून एक लावून.

आणि कॉम्प्रेसरच्या टाकीखाली एक बारीक कॉक असतो, तो रोज संध्याकाळी उघडा. पावसाळ्यात पेलाभर पाणी निघतं. ते पाणी टायरमध्ये आणि गेजमध्ये जाऊ नये.

उदगीरकर

आज केलं. धाकटा मुलगा गच्चीवर टेप धरून, मी खाली. अंतर ६ मीटर ९० सेंटिमीटर भरलं. हिशेबानं ९.८ यायला हवे होते. ० ते ३० च्या गेजचा काटा १० च्या रेघेला आतून चिकटून उभा राहिला. मुलानं वरून तीनदा विचारलं, "किती आलं, किती आलं?" ० ते ६० वालं ट्रॅक्टरच्या चाकावर त्याच्यापेक्षा अर्धा पाउंड जास्त दाखवतंय. तसं त्याच्या डबीवर लिहून ठेवलंय.

सकाळी सहाला कारची चारही चाकं ३३ केली. स्कूटीची पुस्तिका शोधून पुढचा-मागचा आकडा डिकीच्या झाकणाला आतून चिकटवला. ट्रॅक्टरचं मागचं उजवं ९ निघालं आणि डावं १७. वडील बरेच दिवस म्हणत होते की नांगर एका अंगाला जातो.

शेवटी कारची स्टेपनी काढली. ११ पाउंड.

जिंतूर_रोड

अरे देवा. स्टेपनी माझ्या कारचीही कधी बघितली नाही. उद्या सकाळी शाळेआधी बघते. तिच्यात किती ठेवायची?

हायवे३६१_टायरवाला

ताई, गाडीतलं जे सगळ्यात जास्त हवेचं चाक असेल, तेवढी तरी ठेवा, वर दोन-तीन पाउंड जादा चालतात. पडून पडून कमी होते ती. लागलीच तर चाकाला लावल्यावर जादा सोडता येते, पण रातच्याला घाटात कमी असलेली कुठून भरणार. आन छोटी पातळ स्टेपनी दिलेली असेल तर तिचा आकडा वेगळाच असतो, तिच्यावरच लिहिलेला, साठीच्या आसपास. तुमचं ० ते ६० चं गेज तिथं पुरायचं नाही.